सातव्या टेबलाचा पहिला नंबर

जगातल्या प्रमुख धर्मांच्या तुलनेत पहिला नंबर पार्वतम्माच्या चहाच्या टेबलाला आला.

असं काही झालेलं नाही. संस्थेने तसा ठराव एकमताने घेतला आहे, आणि ज्या संस्थेत पंखा कुणाकडे वळवायचा हेसुद्धा एकमताने ठरतं, तिच्या ठरावावर शंका घेणारे आपण कोण. तेव्हा काहीच झालेलं नाही असं धरून पहिल्यापासून सुरू करू.

अहमदपूर सोडून नांदेडच्या रस्त्याला लागलं की माळावर एक कमान दिसते. कमान मोठी आहे. तिच्यामागचं कॉलेज कमानीच्या मानाने बेताचंच आहे. कमान बांधून उरलेल्या विटांत ते झालं असावं. तिथे दयानंद तासिकेवर शिकवतो. तासिकेवर म्हणजे जेवढे तास तेवढाच तो प्राध्यापक. तास संपला की तो लातूरच्या एसटीत दांडीला लोंबकळणारा एक इसम. त्याचा विषय 'जगातील प्रमुख धर्म: उगम आणि तुलना'. नव्या धोरणात पोरांना काहीतरी ऐच्छिक निवडावंच लागतं, आणि 'मशरूम लागवड' भरून गेल्यामुळे उरलेली पोरं जगातल्या प्रमुख धर्मांकडे आली होती.

हा विषय पुढच्या वर्षी ठेवायचा की बंद करायचा, हे नांदेडहून येणारी विद्यापीठाची समिती ठरवणार होती. बंद झाला तर दयानंदची सोय आधीच लागलेली होती आणि तीच त्याची भीती होती. लातुरात त्याच्या मेहुण्याचा डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास होता. तिथे त्याला 'शिस्त अधिकारी' हे पद मिळणार होतं. शिस्त अधिकाऱ्याने पोरं आत जाताना त्यांचे मोबाइल एका टोपल्यात गोळा करायचे आणि बाहेर पडताना ज्याचा त्याला द्यायचा. मेहुण्याने क्लासच्या नावाचा पिवळा टी-शर्टही शिवून ठेवला होता. माप बरोबर घेतलं होतं, त्याचंच दयानंदला जास्त वाईट वाटलं.

समिती यायची म्हणून संस्थापक अध्यक्षांनी त्याला बोलावून घेतलं. सटवाजीराव आप्पांना आयुष्यात दोनच विद्या आल्या. एक संस्था काढायची आणि दुसरी बैल बघायची. चार जिल्ह्यांत कुठंही जनावरांचं प्रदर्शन असो, देवणी जातीच्या वळूंना नंबर द्यायला पंच म्हणून आप्पाच. दोन्ही विद्यांत ते आधी मूळ बघत आणि मग दात.

दयानंदने वर्षभर खपून केलेला तुलनेचा तक्ता आप्पांनी टेबलावर पसरला आणि चष्मा कपाळावर नेला.

"सर, काम चांगलं केलंव. पण निकाल कुठं हाय?"

"निकाल म्हणजे, आप्पा?"

"तुमी वरीसभर तुलना करायलाव. मंग नंबर कुणाचा आला?"

"तुलना म्हणजे नंबर लावणं नाही, आप्पा. कोण काय मानतो, ते कुठून आलं, एवढंच बघायचं."

"बाजारात जायचं, समद्या म्हशी बघायच्या, आन मोकळं दावं घिऊन घरी यायचं. असंच ना?"

लातूर जिल्ह्यात ज्याला रँक नाही ते अस्तित्वातच नाही, हे दयानंदलाही मनातून पटत होतं. तो स्वतःच त्याचा पुरावा होता.

आप्पांचं बोट तक्त्यावर फिरू लागलं. "हितं हिंदू धर्मापुढं संस्थापकाचा रकाना रिकामा कामून हाय?"

"त्याचा कुणी एक संस्थापक नाही."

"रिकामा ठिवू नका. उद्या कुणीबी यून स्वतःचं नाव लावून घील. 'नोंदणीपूर्व' म्हणून लिवा." बोट खाली सरकलं. "बुद्धांनी मागं गादी कुणाला दिली?"

"कुणालाच नाही. माझ्यामागे धम्म हाच तुमचा मार्गदर्शक, असं सांगून गेले."

"मी दोन पोरं आन एक पुतण्या नेमून ठिवलाय," आप्पा म्हणाले. जगाला जे जमलं नाही ते आपल्याला जमलं, असा त्यांचा चेहरा होता. "आन इस्लामात?"

"वारस कोण, यावरूनच पुढे दोन मोठे पंथ झाले."

"हंजे नेमला तरी भानगड, न्हाई नेमला तरी भानगड. शीख?"

"दहाव्या गुरूंनी गुरुपद ग्रंथाला दिलं. यापुढे माणूस गुरू नाही."

दोन पोरं आणि एक पुतण्या आप्पांच्या डोळ्यांपुढून एकापाठोपाठ एक गेले असावेत. "लई दूरचं पाह्यलं," ते हळूच म्हणाले. "कुठं झालं हे?"

"आपल्या नांदेडात."

"आन मला कुणी सांगितलं न्हाई," आप्पा म्हणाले. मग पुतण्या दारातच उभा आहे हे बघून त्यांनी विषय बदलला. समितीपुढे सगळ्या धर्मांचं प्रदर्शन मांडायचं आणि पंच म्हणून आप्पांनी नंबर काढायचा, असं ठरलं. ठरलं म्हणजे आप्पा बोलले.

"आप्पा, यात नंबर काढला तर गावात काय होईल?" दयानंदने विचारून बघितलं.

"काय बी व्हत न्हाई. बैलाच्या प्रदर्शनात कसं असतंय, मालकाचं नाव झाकायचं. निस्ता बिल्ल्याचा नंबर. नाव दिसलं की पंचाची नजर बाटती. तसंच करायचं. धर्माचं नाव झाकून टाका."

धर्माचं नाव झाकून धर्म बघणं ही कल्पना जगातल्या मोठमोठ्या तत्त्वज्ञांना झेपली नव्हती. आप्पांना ती एका बैलावरून सुचली.

शिपाई पिराजीने कॉलेजभर हिंडून टेबलं गोळा केली. न डगमगणारी सहाच निघाली, म्हणून प्रमुख धर्मही सहाच ठरले. सातवं एक टेबल रसायनशास्त्राच्या खोलीत होतं. दयानंदने ते ज्यू धर्मासाठी मागितलं.

"मंग चहा कुठं ठिवू?" पिराजी म्हणाला.

तीन हजार वर्षांची परंपरा एका बाजूला आणि समितीचा चहा एका बाजूला. दयानंदने फार ताणून धरलं नाही.

टेबलांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली, म्हणजे कुणालाही स्वतःचा धर्म सांभाळायला नको. वर्गातली त्यातल्या त्यात वाचणारी रेणुका. तिला इस्लाम आला. दुसऱ्या दिवशी पोरांनी मजकूर लिहून आणला. दयानंदने पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, तिसऱ्याला तो खिडकीशी गेला. सहाही कागदांवर एकच मजकूर होता. 'हा धर्म शांती, प्रेम व मानवतेचा संदेश देतो व पर्यावरणाचे रक्षण करण्यास सांगतो.'

"रेणुका, सगळ्यांचं सारखंच कसं काय?"

"सर, तुमीच म्हणलाव न्हवं, साम्य शोधा म्हणून. आमी सगळ्यायनी एकाच मोबाइलवरून शोधलं."

मग दयानंदने त्याचा वर्षातला एकमेव चांगला तास पुन्हा एकदा घेतला. तो म्हणाला, बघा, सुरुवातीला कुणीतरी घराबाहेर पडतो. सिद्धार्थ महाल सोडतो, वर्धमान राजवाडा सोडतो, पैगंबर मक्का सोडून मदिनेला जातात, येशू वाळवंटात चाळीस दिवस उपाशी राहतो, नानक चारी दिशांना पायी हिंडतात, आणि उपनिषदांतला कुणी नाव नसलेला माणूस रानात जाऊन बसतो. शेजारीपाजारी म्हणतात, ह्याचं डोकं फिरलं. पुढे त्याच शेजाऱ्यांचे नातू त्याच्या नावाने इमारत बांधतात, समिती नेमतात, आणि दारात पाटी लावतात की आत कुणी यायचं नाही.

"हे परीक्षेला किती मार्काला येतंय सर?" मागून एकाने विचारलं.

प्रदर्शनाच्या दिवशी तक्त्यांवरची नावं पिराजीने वर्तमानपत्राच्या पट्ट्या डकवून झाकली. प्रत्येक टेबलाला एकेक नंबर लावला. हातात बिल्ले सात होते. उरलेला एक टाकून द्यायचा म्हणजे संस्थेची वस्तू वाया घालवायची, म्हणून तो त्याने चहाच्या टेबलाला लावला. चहा त्याने कॉलेजच्या कॅन्टीनमधून सांगितला नव्हता. कॅन्टीन आप्पांचा पुतण्या बबलू चालवायचा आणि तिथला चहा पिऊन मागची एक समिती प्रतिकूल शेरा मारून गेली होती. म्हणून कमानीबाहेर गाडा लावणाऱ्या पार्वतम्माला आत आणलं होतं. म्हातारी मूळची देवणीकडची, अर्धी कानडी. सगळ्या गिऱ्हाइकांशी तिची वागणूक सारखीच होती. ती कुणालाच मान द्यायची नाही.

समिती वाटेत लोह्याला भजी खाऊन आली. प्रमुख डॉ. बसवराज हे मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांना काहीही दाखवलं तरी ते 'फारच छान' म्हणत, आणि नांदेडला परत गेल्यावर उलट लिहीत. ते आल्या आल्या चहाच्या टेबलाकडे गेले, तिथेच राहिले.

आप्पांनी तपासणी सुरू केली. हात मागे बांधून त्यांनी प्रत्येक टेबलाला पूर्ण फेरी मारली. वळूला मागूनही बघावं लागतं, तसं तक्त्याच्या मागेही डोकावले. मागे पुठ्ठा होता.

"कुठलं?" त्यांनी रेणुकाला विचारलं.

"वाळवंटातलं, सर." नाव फुटेल असं काही बोलायचं नाही, हे तिला बजावलं होतं.

"वय?"

"चौदाशेच्या वर."

"देव किती?"

"एकच. त्याच्या जोडीला कुणी न्हाई. चित्र काढायचं न्हाई, मूर्ती करायची न्हाई."

"काटकसरीचं हाय," म्हणत आप्पा पुढच्या टेबलाकडे सरकले. "देव किती?"

"एकच," तिथला पोरगा म्हणाला, "पण तिघं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा."

"हंजे जॉइंट खातं." पुढचं टेबल. "वय?"

"सांगता येत न्हाई, सर."

"देव किती?"

"एकबी म्हणता येतंय, तेहतीस कोटीबी म्हणता येतंय. न्हाईच असं म्हणणारेबी ह्यातच हायती."

आप्पांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. पोरगा लपवाछपवी करतोय अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनी कागदावर 'वयाचा दाखला नाही' असा शेरा मारला. पुढच्या टेबलाने सांगितलं की जग कुणी केलं नाही, ते आपलं पहिल्यापासून आहेच. त्याच्या पुढच्याने सांगितलं की असल्या प्रश्नांवर आमचे संस्थापक गप्प बसायचे, कारण बाण लागलेल्या माणसाने तो कुणी मारला हे विचारत बसू नये, आधी उपटून काढावा. आप्पांनी 'डॉक्टरी गुण' असं लिहिलं. सहाव्याने सांगितलं की कष्ट करून खा, वाटून खा आणि नाम घ्या.

"मेल्यावर काय?" हा आप्पांचा शेवटचा प्रश्न. तो त्यांनी सगळ्यांना एकदम विचारला. चार टेबलं म्हणाली, सुटका होईपर्यंत पुन्हा जन्म. दोन म्हणाली, जन्म एकदाच, मग शेवटच्या दिवशी हिशेब.

"समजलं," आप्पा समितीकडे वळून म्हणाले. "चौघांकडं रिपीटर बॅच हाय. दोघांकडं एकच अटेंप्ट."

"फारच छान," डॉ. बसवराज कपातून म्हणाले.

दयानंदला हसू आलं आणि मग रडू आलं, कारण अख्ख्या वर्षात याहून नेमकी तुलना त्याला जमली नव्हती.

आणि मग आप्पा सातव्या टेबलापुढे उभे राहिले. तिथे गर्दी होती. समिती होती, बाकीच्या सहा टेबलांवरची रिकामी पोरं होती, एक मौलवी आणि एक पुजारी पाहुणे म्हणून बोलावले होते तेही तिथेच बशा फुंकत होते. टेबलावर बिल्ला होता. वर्तमानपत्रही होतं, चहा सांडू नये म्हणून अंथरलेलं.

"कुठलं?" आप्पांनी विचारलं.

"देवणीचं," पार्वतम्मा म्हणाली.

आप्पांचे डोळे चमकले. देवणी म्हटल्यावर पुढचं ऐकायची त्यांना गरज नव्हती, तरी नियम तो नियम. "वय?"

"तुमचं मी इचारलं का?"

"गुण काय?"

"घिऊन बगा. न्हाई आवडलं तर तितं मोरी हाय."

"कुणाकुणाला चालतंय?"

"रांगंत उबारंल त्याला. मदी घुसंल त्याला न्हाई. अय्यो, साकु, बास आता, सरका मागं." शेवटचं डॉ. बसवराज यांना होतं. ते तिसऱ्यांदा आले होते.

"मेल्यावर काय?"

पार्वतम्माने गाळणी आपटून रिकामी केली. "मेल्यावर काय करायचं ते करा म्हणावं. कप परत आणून ठिवा."

आप्पांना तो चहा आहे हे दिसत नव्हतं असं नाही. त्यांना वाटलं, चहा हे उदाहरण आहे.

"बाकीच्यायनी कागद लावले," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हिनं करून दाखवलं."

"आप्पा, हे टेबल म्हणजे..." दयानंद पुढे झाला.

"अनुभवाधारित शिक्षण," डॉ. बसवराज म्हणाले. "नव्या धोरणाचा गाभाच हा. फारच छान. विषय चालू राहायला हरकत दिसत नाही."

दयानंदच्या तोंडात पुढचा शब्द तयार होता. तो दोन अक्षरांचा होता. पण त्याच क्षणी त्याला पिवळा टी-शर्ट दिसला, मोबाइलने भरलेलं टोपलं दिसलं, आणि त्याने तो शब्द गिळला. जगातल्या सहा धर्मांनी सत्य बोलावं असं सांगितलेलं आहे. एकानेही तासिका तत्त्वाचा विचार केलेला नाही.

निकाल जाहीर झाला. पहिल्या नंबरच्या वळूला बांधतात तसा फेटा आप्पांनी स्वतः बांधला, किटलीला. सहाही टेबलांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आपण हरलो याचं दुःख एकालाही नव्हतं. बाकीचे पाच जिंकले नाहीत याचा आनंद मात्र सहाही ठिकाणी अगदी सारखा होता. दयानंद वर्षभर जे साम्य शोधत होता ते हे.

गावातही काही झालं नाही. धर्मांच्या बाजूने एकही तक्रार आली नाही. तक्रार आली ती कॅन्टीनच्या बाजूने.

"काका, तुमी तिला फेटा बांधला," बबलू म्हणाला. "उद्या ती कॅन्टीन मागंल. माझं काय?"

आप्पा जगातल्या सगळ्या धर्मांना तोंड देऊ शकले असते. पुतण्याला नाही. त्याच आठवड्यात संस्थेची सभा झाली आणि प्रदर्शन झालेलंच नाही, सबब निकालही लागलेला नाही, असा ठराव झाला. ठरावाची प्रत नांदेडला गेली. फेटा परत आणायला पिराजीला पाठवलं, पण तो एका बाजूने जळाला होता, आणि पार्वतम्मा गाड्यावरच्या गरम भांड्याला तो धरून चहा ओतत होती. पिराजी एक कप घेऊन परत आला.

मग डॉ. बसवराज यांचा फोन आला. दयानंद तेव्हा एसटीत होता, एका पायावर.

"सर, तुमच्या संस्थेचं म्हणणं आहे की काही झालंच नाही."

"हो, सर."

"मग मी अहवालात काय लिहू? चहा घेतलाय, एकदम बंद करा म्हणणंही बरं दिसत नाही. मी फक्त एक त्रुटी काढली आहे. विषयाच्या नावात 'उगम' आहे, आणि उगमाचा मूळ पुरावा एकाही धर्माबाबत जोडलेला नाही. तेवढी पूर्तता करा. लेखी घ्या."

"कुणाकडून, सर?"

"संबंधितांकडून. संस्थापकांकडून."

"ते हयात नाहीत, सर."

"सगळेच?"

दयानंदने विचार केला. एक मेल्यानंतर तिसऱ्या दिवशी उठला असं मानणारे आहेत, एक पुन्हा येणार असं मानणारे आहेत, एकाला आरंभच नाही. "त्याबाबत मतभेद आहेत, सर," तो म्हणाला.

"मग मतभेद नसलेल्यांपासून सुरुवात करा," डॉ. बसवराज म्हणाले. "जूनच्या आत आलं तर विषय राहील. फारच छान."

घरी मेहुणा येऊन बसला होता. टी-शर्ट खुर्चीच्या पाठीवर घातलेला होता, म्हणजे खुर्चीच कामावर रुजू झाल्यासारखी दिसत होती. "दाजी, सोमवारपासून येता का मग?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात दया होती. सहाही धर्म दयेची शिफारस करतात. ती आपल्यावर झाली की कशी लागते, हे कुणीच लिहिलेलं नाही.

"एक पत्र पाठवतो," दयानंद म्हणाला. "उत्तर आलं नाही तर येतो."

दुसऱ्या दिवशी त्याने संस्थेच्या लेटरहेडवर मजकूर करून पिराजीकडे दिला. पिराजीने जावक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि विचारलं, "सर, पत्ता काय टाकू?"

"सर्व संबंधित," दयानंद म्हणाला. मजकूर असा होता:

प्रति, जगातील सर्व प्रमुख धर्मांचे मा. संस्थापक. विषय: उगमाबाबत लेखी खुलासा मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपण स्थापन केलेल्या धर्माच्या उगमाचा मूळ पुरावा या कार्यालयास अप्राप्त असून त्याअभावी एका प्राध्यापकाच्या आठवड्यातील नऊ तासिका धोक्यात आलेल्या आहेत. तरी आपण येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मूळ कागदपत्रे व ओळखपत्रासह महाविद्यालयात समक्ष उपस्थित राहून, आपण घराबाहेर का पडलात व आपल्या पश्चात जे झाले ते आपणास मान्य आहे काय, याबाबत स्वाक्षरीनिशी खुलासा करावा. ज्या धर्मास संस्थापक नाही, त्या धर्माने 'संस्थापक नाही' असे संस्थापकाच्या सहीचे पत्र जोडावे. प्रवासभत्ता देय नाही. आपण गैरहजर राहिल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही केली जाईल, तरी कृपया वेळेवर यावे, ही नम्र विनंती.